श्वसनविराम, अर्भकांतील व बालकांतील

श्वसनविराम, अर्भकांतील व बालकांतील : श्वसनक्रिया काही काळ पूर्णपणे थांबणे याला श्वसनविराम म्हणतात. श्वसनमार्ग मोकळा असूनही मेंदूतील श्वसनकेंद्राकडून श्वसनाच्या स्नायूंना प्रेरणा न मिळाल्यामुळे छाती व पोट यांची हालचालच थांबते, तेव्हा त्यास मध्यवर्ती श्वसनविराम अशी संज्ञा आहे. स्नायू आकुंचन पावत असतात, परंतु घसा किंवा नाक यांतील अडथळ्यामुळे हवा आत जाऊ शकत नाही, तेव्हा तो अवरोधी श्वसनविराम होय. एकाच विरामात दोन्ही प्रकार एकापाठोपाठ आढळल्यास त्याला मिश्र श्वसनविराम म्हणतात. प्रौढांमध्ये निद्रेतील विराम बहुधा अवरोधी व रोगदर्शक असतात. अर्भकांमध्ये मात्र अल्पकाळ टिकणारे मध्यवर्ती विराम ही बहुधा अपुऱ्या वाढीची खूण असते आणि वाढ पुरी होताच ते नाहीसे होतात. त्यामुळे विराम आढळला एवढ्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. तो किती सेकंद टिकला, त्यामुळे रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण व हृदयाची गती कमी झाली काय आणि मुलाचे वय काय, या तीन गोष्टींवरून त्याचे महत्त्व ठरते.

जन्मतःच श्वसन सुरू न होणे (जन्मकालीन श्वासरोध) ही अवस्था यापासून वेगळी आहे. तिचा विचार येथे केलेला नाही.

श्वसनाचे नियंत्रण : सेझार लगाल्वा या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८१२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, श्वसन चालू राहण्यासाठी लंबमज्जेचा (मस्तिष्क स्तंभाच्या खालच्या भागाचा) एक लहानसा भाग शाबूत असणे आवश्यक असते. या भागातील ज्या तंत्रिका कोशिकांच्या समूहात श्वासाचा ताल निर्माण होतो, तो समूह १९९१ मध्ये अमेरिकेतील जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनी निश्चित केला. येथून निघालेल्या प्रेरणा मेरुरज्जूमार्गे मध्यपटल व बरगड्यांमधील स्नायूंपर्यंत पोहोचतात.

हा ताल रक्तातील वायूंच्या प्रमाणानुसार कमीजास्त होतो. मस्तिष्क स्तंभातील रासायनिक ग्राही मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणातील बदल टिपतात, तर मानेतील ग्रीवा रोहिणीजवळचे पिंडक ऑक्सिजनाची घट टिपतात. जागेपणी श्वसनाला उच्चतर मेंदूकडूनही प्रेरणा मिळत असते. झोपेत ती ओसरते आणि श्वसन जवळजवळ सर्वस्वी या रासायनिक नियंत्रणावर अवलंबून राहते. झोपेत कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब एका ठराविक मर्यादेखाली गेला, तर प्रेरणाच थांबते. या मर्यादेला विराम-सीमा म्हणता येईल. प्रौढात नेहमीचा दाब व ही सीमा यांत पाऱ्याच्या सु. ३.५ मिमी. किंवा त्याहून अधिक अंतर असते. नवजात अर्भकात ते केवळ १ ते १.५ मिमी. असते. म्हणून एखादा उसासा किंवा थोडे जलद श्वसनही अर्भकाला त्या सीमेपलीकडे नेण्यास पुरेसे होते.

अर्भकाची विशेष स्थिती : गर्भाशयात असतानाच गर्भ श्वसनाच्या हालचाली करू लागतो, परंतु त्या खंडित असतात. गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळत असल्यामुळे त्या थांबल्याने त्याला अपाय होत नाही. ऑक्सिजनाचा पुरवठा कमी झाल्यास गर्भ या हालचाली थांबवितो व त्यामुळे त्याची ऊर्जा वाचते. जन्मानंतर हीच प्रतिक्रिया घातक ठरू शकते. ऑक्सिजन कमी झाल्यावर प्रौढाचे श्वसन वाढते व वाढलेले राहते; अकालजात अर्भकाचे श्वसन एक-दोन मिनिटे वाढते आणि नंतर मंदावते किंवा थांबते. ही गर्भावस्थेतील प्रतिक्रिया लोपण्यास जन्मानंतर काही आठवडे लागतात.

इतर कारणेही यात भर घालतात. घशात दूध किंवा लाळ गेल्यास स्वरयंत्राच्या संरक्षक प्रतिक्षेपामुळे प्रौढाला खोकला येतो, अकालजात अर्भकाचा मात्र श्वासच थांबतो. नवजात अर्भक दिवसाचे सु. १६ तास झोपते व त्यांपैकी जवळजवळ अर्धा काळ सक्रिय निद्रेत (डोळ्यांची शीघ्र हालचाल होणाऱ्या निद्रेत) जातो. या निद्रेत श्वसन अनियमित असते आणि बरगड्यांमधील स्नायू शिथिल होतात. शिवाय अर्भकाच्या शरीराला वजनाच्या प्रमाणात प्रौढाच्या सु. दुप्पट ऑक्सिजन लागतो व फुप्फुसांतील साठा अल्प असतो. त्यामुळे प्रौढाला सहज सोसणारा विराम अर्भकाच्या रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने कमी करू शकतो.

आवर्ती श्वसन : काही जलद श्वास, मग ५ ते १० सेकंदांचा विराम आणि पुन्हा श्वास, असे चक्र ओळीने अनेक वेळा चालते. विराम किमान तीन सेकंदांचे असावेत, ते तीन किंवा अधिक असावेत व त्यांच्यामधील श्वसन २० सेकंदांहून कमी काळ चाललेले असावे, अशी याची रूढ व्याख्या आहे. हे अकालजात अर्भकांत फारच सामान्य असून पूर्ण दिवस भरलेल्या निरोगी अर्भकांतही पहिल्या काही महिन्यांत आढळते. सहा महिन्यांपर्यंत ते बहुधा नाहीसे होते. रंग बदलत नसेल, अर्भक नीट दूध पीत असेल व वजन वाढत असेल, तर यावर उपचाराची गरज नसते. रात्री पाळण्याजवळ बसून श्वास मोजणाऱ्या आईवडिलांच्या भीतीचे हे सर्वांत सामान्य कारण होय आणि ते निरुपद्रवी आहे, हे त्यांना समजावून सांगणे हाच त्यावरील उपाय आहे.

अकालजाततेतील श्वसनविराम : ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकाचे श्वसन २० सेकंद वा अधिक काळ थांबणे, अथवा त्याहून कमी काळ थांबूनही हृदयाची गती किंवा रक्तातील ऑक्सिजन लक्षणीय प्रमाणात घटणे, याला ही संज्ञा देतात. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या जवळजवळ सर्व अर्भकांत, ३० ते ३१ आठवड्यांच्या सु. निम्म्या अर्भकांत आणि ३४ ते ३५ आठवड्यांच्या सु. ७ टक्के अर्भकांत हे विराम आढळतात. त्यांतील अनेक विराम मिश्र स्वरूपाचे असतात : प्रेरणा थांबताच शिथिल झालेला घसा मिटतो आणि श्वसन पुन्हा सुरू होतानाही मार्ग बंदच राहतो. मान पुढे झुकल्यास या अडथळ्यात भर पडते.

बहुतेक अर्भकांत गर्भधारणेपासून मोजलेले वय ३६ ते ३७ आठवडे झाल्यावर हे विराम थांबतात. अतिशय लवकर जन्मलेल्यांत ते ४३-४४ आठवड्यांपर्यंतही टिकू शकतात. अकालजातता हे कारण मानण्यापूर्वी इतर कारणे वगळणे अत्यावश्यक असते. जंतुरक्तता, मस्तिष्कावरणशोथ, रक्तातील साखर कमी होणे, मेंदूतील रक्तस्राव, आचके, पांडुरोग व शरीराच्या तापमानातील चढउतार यांचे पहिले लक्षण श्वसनविराम हेच असू शकते. काही दिवस स्थिर असलेल्या अर्भकात विराम एकाएकी सुरू झाले किंवा वाढले, तर अन्य पुरावा मिळेपर्यंत जंतुसंसर्ग गृहीत धरून चालावे लागते. पूर्ण दिवस भरलेल्या अर्भकातील खरा श्वसनविराम हा तर नेहमीच रोगदर्शक मानून त्याचे कारण शोधावे लागते. डांग्या खोकला व श्वसनमार्गाचे काही विषाणुजन्य रोग यांत लहान अर्भकाला खोकला येण्याऐवजी केवळ श्वास थांबण्याचे झटके येतात. अकालजात अर्भकावर पहिल्या काही महिन्यांत आंतर्गळाची (हर्नियाची) वा अन्य शस्त्रक्रिया झाल्यास संवेदनाहरणानंतर विराम पुन्हा उद्‌भवू शकतात. म्हणून अशा अर्भकाला शस्त्रक्रियेनंतर देखरेखीखाली ठेवतात.

मोठ्या बालकांतील मध्यवर्ती विराम : एका वर्षानंतर मध्यवर्ती विराम विरळ होतात. उसाशानंतर किंवा सक्रिय निद्रेत येणारा थोड्या सेकंदांचा विराम निरोगी बालकातही दिसतो. २० सेकंदांचा विराम, अथवा किमान दोन श्वासांइतका विराम व त्याबरोबर ऑक्सिजनाची घट किंवा झोपमोड झाल्यास त्याची नोंद करतात. अशा घटना ताशी पाचांहून अधिक असल्यास सामान्यतः सखोल तपासणी केली जाते. या वयात घोरणे, तोंडाने श्वास घेणे व झोपेत धडपड ही लक्षणे असल्यास विराम बहुधा अवरोधी असतो व वाढलेले गिलायू आणि नाकामागील ग्रंथी हे त्याचे नेहमीचे कारण असते. मध्यवर्ती विरामात मूल शांत झोपलेले दिसते, आवाज होत नाही. म्हणूनच तो घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

वारंवार येणाऱ्या मध्यवर्ती विरामांमागे मस्तिष्क स्तंभावरील दाब किंवा त्याची सदोष रचना असू शकते. ऑस्ट्रियातील विकृतिवैज्ञानिक हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये वर्णिलेल्या व्यंगात अनुमस्तिष्काचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली उतरतो व लंबमज्जा दाबली जाते. उपास्थि-अविकसनामुळे खुजे राहिलेल्या बालकांत हे छिद्रच अरुंद असते. प्राडर-विली लक्षणसमूह, मेंदूतील अर्बुदे, मस्तिष्कशोथ व हृद्‌निष्फलता ही अन्य कारणे होत.

अफू व तिच्यापासून मिळणारी औषधे श्वसनकेंद्राचे अवसादन करतात. मुंबईतील गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना झोपविण्यासाठी अफू देत असत, अशा नोंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. त्या गाढ झोपेचे स्वरूप आज स्पष्ट आहे. कोडीन हे अफूपासूनचे औषध यकृतात मॉर्फिनामध्ये रूपांतरित होते व काही बालकांत हे रूपांतर आनुवंशिकतेमुळे फार वेगाने घडते. गिलायूंच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही बालके दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर बालकांना ते देऊ नये, असा इशारा दिला.

जन्मजात मध्यवर्ती अल्पश्वसन : या विरळ विकारात मूल जागे असताना बहुधा पुरेसा श्वास घेते, झोप लागताच श्वसन उथळ होते किंवा थांबते आणि कार्बन डाय-ऑक्साइड साठूनही ते वाढत नाही. बालकातील या विकाराचे वर्णन १९७० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मेलिन्स व सहकाऱ्यांनी केले. त्याआधी १९६२ मध्ये जॉन सेव्हरिंगहाऊस व रॉबर्ट मिचेल यांनी मेरुरज्जूवरील शस्त्रक्रियेनंतर प्रौढांत उद्‌भवलेल्या अशाच अवस्थेला युरोपीय दंतकथेतील ऑन्डीन या जलपरीच्या शापाचे नाव दिले होते. ते नाव या विकारालाही चिकटले. रुग्ण व कुटुंबीय यांचा विचार करून आता ते टाळण्यात येते.

२००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी याचे कारण चौथ्या गुणसूत्रावरील ‘फॉक्स २ बी’ या जीनमधील उत्परिवर्तन हे असल्याचे दाखविले. या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनात ॲलॅनीन या ॲमिनो अम्लाची सलग २० एककांची साखळी असते. बहुतेक रुग्णांत ती २४ ते ३३ एककांपर्यंत लांबलेली आढळते. साखळी जितकी लांब तितका विकार सामान्यतः तीव्र असतो. बहुसंख्य रुग्णांत हे उत्परिवर्तन नव्यानेच झालेले असते, म्हणजे आईवडिलांत ते नसते. काही रुग्णांत मोठ्या आतड्यातील तंत्रिका कोशिकांचा जन्मजात अभाव व हृद्गतीतील दोषही आढळतात. अशा मुलांना दम लागल्याची जाणीव होत नाही. न थकता पाण्याखाली दीर्घ काळ राहू शकणारे असे मूल प्रत्यक्षात गंभीर धोक्यात असते. म्हणून त्याला पोहू देताना सतत लक्ष ठेवावे लागते. हा विकार वयाबरोबर बरा होत नाही. झोपेतील कृत्रिम श्वसन जन्मभर लागते. मध्यपटलाच्या तंत्रिकेला विद्युत् प्रेरणा देणारे उपकरणही काही रुग्णांत बसवितात. वेळीच निदान झालेली मुले शाळेत जातात व प्रौढ होतात.

निदान : निद्रेची बहुविध नोंद ही प्रमुख तपासणी होय. तीत मेंदूचे विद्युत् आलेखन, डोळ्यांची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती व पोट यांची हालचाल, ऑक्सिजन-संपृक्तता, कार्बन डाय-ऑक्साइड व हृद्गती यांची रात्रभर एकाच वेळी नोंद करतात. हवेचा प्रवाह व छातीची हालचाल दोन्ही थांबल्यास विराम मध्यवर्ती आणि प्रवाह थांबूनही हालचाल चालू असल्यास तो अवरोधी असतो. केवळ छातीची हालचाल टिपणारे साधे उपकरण अवरोधी विराम ओळखू शकत नाही. मध्यवर्ती विरामांचे कारण स्पष्ट नसल्यास मस्तिष्क स्तंभाचे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन व आवश्यक तेथे जीनची तपासणी करतात.

चिकित्सा : अकालजात अर्भकाचा श्वास थांबल्यास तळपायाला किंवा पाठीला हलका स्पर्श करणे बहुधा पुरेसे होते. मान सरळ ठेवणे, तापमान स्थिर राखणे व नाक मोकळे ठेवणे हे मूलभूत उपाय आहेत. आवश्यक तेव्हा नाकावाटे सतत धन दाबाने हवा देऊन घसा व फुप्फुसे उघडी ठेवतात. एवढ्याने न भागल्यास कृत्रिम श्वसन द्यावे लागते.

औषधांमध्ये चहा-कॉफीतील कॅफीन व त्याच्या जवळची झॅंथिने यांना प्रमुख स्थान आहे. ब्रिटनमधील कुझेम्को व पाला यांनी १९७३ मध्ये ॲमिनोफायलिनाचा व कॅनडातील अरांडा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कॅफिनाचा उपयोग प्रसिद्ध केला. ही द्रव्ये श्वसन मंदावणाऱ्या ॲडिनोसिनाची ग्राहींवरील क्रिया रोखतात व श्वसनकेंद्राची कार्बन डाय-ऑक्साइडाविषयीची संवेदनशीलता वाढवितात. कॅफिनाची उपयुक्त व विषारी मात्रा यांत अंतर मोठे असल्याने व दिवसातून एकदाच देऊन भागत असल्याने ते अधिक पसंत केले जाते. मात्र वाढत्या मेंदूवर त्याचा दूरगामी परिणाम काय होईल, याविषयी अनेक वर्षे शंका होती. ती फेडण्यासाठी अनेक देशांत मिळून ५०० ते १,२५० ग्रॅ. जन्मवजनाच्या २,००६ अर्भकांवर परीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष बार्बरा श्मिट व सहकाऱ्यांनी २००६ व २००७ मध्ये प्रसिद्ध केले. कॅफीन न दिलेल्या गटात सु. १८ महिन्यांच्या वयापर्यंत मृत्यू वा मेंदूच्या विकासातील अपंगत्व यांचे प्रमाण ४६.२ टक्के होते. कॅफीन दिलेल्या गटात ते ४०.२ टक्के आढळले. फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकाराचे प्रमाणही घटले. केवळ श्वास सुरू ठेवण्यासाठी योजलेले औषध मेंदूचेही रक्षण करते, असे यातून निष्पन्न झाले.

मोठ्या बालकांत मूळ कारणावर उपचार करतात : किआरी व्यंगात शस्त्रक्रियेने दाब कमी करणे, अपायकारक औषध थांबविणे, हृद्‌निष्फलतेवर उपचार इत्यादी. काहींना झोपेत ऑक्सिजन किंवा मुखवट्यातून दाबाने श्वसनसाहाय्य द्यावे लागते.

आकस्मिक अर्भकमृत्यूशी संबंध : वरवर निरोगी दिसणारे अर्भक झोपेत दगावते व शवपरीक्षेतही कारण सापडत नाही, अशा घटनांचा श्वसनविरामाशी संबंध जोडण्याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेतील ॲल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी १९७२ मध्ये पाच अर्भकांवरील निरीक्षणांच्या आधारे दीर्घ श्वसनविराम हे या मृत्यूचे पूर्वचिन्ह असल्याची उपपत्ती मांडली. त्यांतील दोन अर्भके एकाच कुटुंबातील होती व दोन्ही दगावली होती. या उपपत्तीवरून विराम होताच घंटा वाजविणारी उपकरणे हजारो घरांत बसविण्यात आली आणि असंख्य कुटुंबांनी महिनोन्‌महिने त्या घंटेच्या धाकात रात्री काढल्या. पुढे तपास होऊन १९९५ मध्ये त्या दोन भावंडांसह स्वतःची पाच मुले गुदमरवून मारल्याबद्दल त्यांच्या आईला न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयाने दोषी ठरविले. उपपत्तीचा मुख्य आधारच त्यामुळे कोसळला.

अमेरिकेतच एक हजाराहून अधिक अर्भकांची घरी सात लाखांहून अधिक तास नोंद घेऊन केलेले संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकांपैकीही सु. ४३ टक्के अर्भकांत किमान एकदा विराम किंवा मंद हृद्गतीची घटना नोंदली गेली होती. अकालजात अर्भकांतील तीव्र घटनांचे अधिक प्रमाण गर्भधारणेपासूनच्या ४३ आठवड्यांपर्यंतच टिकले. आकस्मिक मृत्यू मात्र जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात. म्हणून ते विराम या मृत्यूंची नांदी होत, असे मानता येत नाही. हा मृत्यू टाळण्यासाठी घरगुती उपकरण देऊ नये, अशी शिफारस अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ मध्ये केली. तत्पूर्वी १९९१ पासून न्यूझीलंड व ब्रिटन आणि १९९४ पासून अमेरिका या देशांत अर्भकांना पालथे न झोपविता उताणे झोपविण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यानंतर तेथील आकस्मिक अर्भकमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जे यंत्राने साधले नाही, ते अंथरुणावरील स्थिती बदलल्याने साधले.

श्वास कोंडण्याचे झटके : सु. सहा महिने ते सहा वर्षे वयाचे मूल दुखापत, राग वा भीती यांमुळे रडता रडता श्वास धरते, निळे किंवा पांढरे पडते व क्षणभर बेशुद्ध होते. हे झटके जागेपणी येतात, आपोआप थांबतात व मेंदूला अपाय करीत नाहीत. मूल हे हेतुपुरस्सर करीत नाही. रक्तातील लोह कमी असल्यास लोह दिल्याने झटके कमी होतात. झोपेत येणारे किंवा कोणत्याही कारणावाचून येणारे झटके मात्र या सदरात मोडत नाहीत.

घरातील दक्षता : अर्भकाला पहिले वर्षभर सपाट व टणक अंथरुणावर उताणे झोपवावे, उशी, जाड दुलई व सैल कपडे तोंडाजवळ ठेवू नयेत. झोळीत मान छातीकडे झुकण्याची शक्यता असल्याने लहान, विशेषतः अकालजात, अर्भकाला तीत झोपवू नये. घरात धूम्रपान टाळावे. झोपेसाठी किंवा खोकल्यासाठी कोणतेही गुंगीचे औषध वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. ओठ व जीभ निळी पडणे, २० सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबणे, अंग लुळे पडणे, दूध न पिणे किंवा ताप येणे यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. श्वास थांबल्यास तळपायावर टिचकी मारावी. मुलाला गदागदा हलवू नये, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. प्रतिसाद न मिळाल्यास तोंडाने श्वास देण्यास सुरुवात करून रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.